वाकड्या पायाचं बाळ: पहिल्या प्लास्टरपासून रात्रीच्या बुटांपर्यंत

बाळाचं पाऊल आत वळलेलं आहे, टाच वर ओढली गेली आहे, तळव्यावर आडवी खोल घडी आहे, आणि हाताने सरळ करायला गेलं तर पाऊल पूर्ण सरळ येत नाही. हा जन्मजात वाकडा पाय. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो दुपटीने दिसतो, आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. यावर चांगला इलाज आहे. बहुतेक बाळांचं पाऊल मोठ्या ऑपरेशनशिवाय दोन-तीन महिन्यांत सरळ होतं. मात्र सरळ झालेलं पाऊल सरळ ठेवायला चार-पाच वर्षं लागतात आणि ते काम घरी होतं. आईबाबांना आणि आजी-आजोबांना या वाटेवर काय काय करायचं आहे, ते इथे क्रमाने लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. आईने ग्रहणात भाजी चिरली, सुई हातात घेतली, पाय दुमडून झोपली म्हणून असं झालं, हे अजूनही कित्येक घरांत ऐकू येतं. ते खरं नाही. पाय असा का वळतो याचं एकच ठाम कारण नाही. आनुवंशिकतेचा त्यात काही वाटा आहे, पण ग्रहणाचा नाही. बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईला पुढचे कित्येक आठवडे दर आठवड्याला दवाखाना गाठायचा आहे. तिच्या मनावर हे ओझं टाकू नका.

पाय सरळ होतो तो कशाच्या जोरावर

हे समजलं की पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण आपोआप कळतं, म्हणून थोडं सविस्तर.

तान्ह्या बाळाच्या पावलातली बरीचशी 'हाडं' अजून हाडं नसतात, कूर्चा असते. त्या कूर्चेवर ज्या बाजूने दाब पडतो, जिथे ताण कमी-जास्त होतो, त्यानुसार ती वाढताना आकार बदलते. पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, वाकड्या पायात आखूड आणि जाड झालेले असतात. त्यांचे कोलॅजनचे तंतू उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखे नागमोडी असतात. हळुवार ताण दिला की ही नागमोड उलगडते आणि पट्टा थोडा लांबतो. त्याच स्थितीत काही दिवस धरून ठेवला की तंतू त्या नव्या लांबीत पुन्हा नागमोडी होतात, म्हणजे पुढचा ताण घ्यायला तयार होतात. याला पाच ते सात दिवस पुरतात. प्लास्टर दर आठवड्याला बदलतात ते यामुळेच. झटक्याने किंवा जोर लावून ओढलं तर पट्टा लांबत नाही, फाटतो. फाटलेल्या जागी व्रण धरतो, आणि व्रणाची ऊती ताठ असते, ती नंतर ऐकत नाही.

इग्नासिओ पोन्सेटी या डॉक्टरांनी हे ओळखलं. त्यांचा जन्म 1914 सालचा, स्पेनमधल्या मिनोर्का बेटावरचा. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूच्या जखमींवर उपचार केले. पराभवानंतर देश सोडून फ्रान्स आणि मेक्सिको असा प्रवास करत ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पोहोचले. तिथे त्यांनी लहानपणी ऑपरेशन झालेले पाय पुढे मोठेपणी तपासले, तेव्हा ते ताठ, दुखरे आणि कमजोर झालेले आढळले. म्हणून त्यांनी कापण्याऐवजी वळवण्याची पद्धत बांधली आणि 1963 मध्ये तिचे निष्कर्ष छापले. पुढची तीस वर्षं जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. 1995 मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात 78 टक्के रुग्णांच्या पायांचं काम उत्तम किंवा चांगलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या, जन्मतः पाय नीट असलेल्या माणसांत हा आकडा 85 टक्के होता. त्यानंतर इंटरनेटवर आईबाबांनीच एकमेकांना ही पद्धत सांगितली आणि ती जगभर पसरली. पोन्सेटी 2009 साली गेले. त्यांचा वाढदिवस, 3 जून, आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

कुठे जायचं आणि कधी

जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर उत्तम. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत, आणि नेमके हेच दिवस हातचे जातात. बारसं पायाला प्लास्टर असताना करता येतं. बाळाला ताप असेल, वजन फारच कमी असेल किंवा बाळ अजून काचेत असेल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबा. एरवी थांबायचं कारण नाही. कोणी उशीर झाल्याचं सांगितलं तर त्यालाही घाबरू नका. ही पद्धत चालायला लागलेल्या मुलांवरही चालते, फक्त प्लास्टरं जास्त लागतात.

सोनोग्राफीत पाचव्या महिन्याच्या सुमारास वाकडा पाय दिसला असेल तर पोटात असताना त्यावर काही करता येत नाही आणि करण्याची गरजही नसते. बाळाच्या पाठीचा कणा, हात आणि हृदय नीट आहे का, हे मात्र त्या तपासणीत बघून घ्या. एकटा वाकडा पाय हे घाबरून जाण्याचं कारण नाही.

उपचार लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर करतात. अनेक सरकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत क्लबफूटची ओपीडी ठरावीक वारी असते. जाण्याआधी वार विचारून घ्या. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासल्या जाणाऱ्या जन्मदोषांच्या यादीत हा दोष आहे, आणि त्या वाटेने गेल्यास उपचार मोफत मिळतात. गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगितलं की जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राची चिठ्ठी मिळते.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचाराच. पहिली, हा खरोखर क्लबफूट आहे की गर्भात दाबून बसल्याने नुसता वळलेला पाय आहे? नुसता वळलेला पाय हलक्या हाताने पूर्ण सरळ होतो आणि त्याला प्लास्टर लागत नाही. दुसरी, कंबरेचे सांधे आणि पाठीचा कणा तपासला का? तिसरी, इथे पोन्सेटी पद्धतीनेच प्लास्टर घालतात का, आणि ते मांडीपर्यंत असतं का? 'गुडघ्याखाली घालू, पुरेल,' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. ही माझी ठाम शिफारस आहे. गुडघा काटकोनात वाकवून मांडीच्या वरपर्यंत नेलेलं प्लास्टर घोट्याला फिरू देत नाही आणि निसटतही नाही. गुडघ्याखालचं प्लास्टर बाळ लाथा मारून काढून टाकतं, आणि निसटलेलं प्लास्टर मदत करण्याऐवजी पाय बिघडवतं.

पायाचा वाकडेपणा मोजायला पिरानी गुण वापरतात, 0 ते 6. सहा खुणा बघतात आणि प्रत्येकीला 0, अर्धा किंवा 1 गुण देतात. 6 म्हणजे सगळ्यात वाकडा पाय. दर भेटीत हा आकडा कार्डावर लिहून मागा. तो आठवड्यागणिक उतरला पाहिजे. उतरत नसेल तर विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्लास्टरचे आठवडे

साधारण चार ते सहा, कधी सात प्लास्टरं लागतात. दर वेळी आधी हाताने पाऊल वळवतात आणि मग ते जिथवर आलं तिथे प्लास्टरने धरून ठेवतात. पाऊल वळतं ते मिनिटभराच्या वळवण्याने, पण टिकतं ते सात दिवसांच्या धरण्याने.

पहिलं प्लास्टर उतरल्यावर पुष्कळ आईबाबा हादरतात. पाऊल आधीपेक्षा जास्त पिळलेलं दिसतं. तसंच दिसायला हवं. वाकड्या पायात अंगठ्याच्या बाजूचं हाड खाली झुकलेलं असतं आणि तळव्याला खोल कमान पडते. ही कमान मोडायची तर पावलाचा पुढचा भाग आधी वरच्या दिशेने वळवून मागच्या भागाच्या रेषेत आणावा लागतो. वरवर पाहता हे उलटं वाटतं. पण कमान न मोडता पाऊल सरळ बाहेर फिरवलं, तर ते मध्येच दुमडतं.

दुसऱ्या प्लास्टरपासून पाऊल हळूहळू बाहेर फिरू लागतं. डॉक्टरांचा एक अंगठा घोट्याच्या पुढे, बाहेरच्या अंगाला टेकलेला दिसेल. त्या अंगठ्याखाली टेलस नावाच्या हाडाचं डोकं असतं. ते स्थिर धरून बाकीचं सगळं पाऊल त्याच्याभोवती फिरवायचं असतं. असं फिरवलं की टाचेचं हाडही टेलसच्या खाली आपोआप बाहेर वळतं. टाचेला हात लावून ओढावं लागत नाही. पोन्सेटींच्या आधी अंगठा याच्या पुढच्या सांध्यावर ठेवण्याची रीत होती. त्यामुळे टाचेची वाट अडायची आणि प्लास्टरं महिनोन् महिने चालायची. अंगठ्याची जागा दीड-दोन सेंटिमीटरने बदलली आणि महिन्यांचं काम आठवड्यांवर आलं.

पाऊल वळवताना बाळ रडू लागलं तर बहुधा ते भुकेने किंवा धरून ठेवल्याने रडतं. हालचाल दुखेल इतकी जोरात नसावी. दवाखान्यात पोचण्याआधी पोटभर पाजू नका, म्हणजे तिथे बाळ पिईल. प्लास्टर घालताना आईने पाजत राहावं किंवा बाटली द्यावी. पीत असलेलं बाळ पाय सैल सोडतं आणि प्लास्टर छान बसतं. बाबांनी सोबत जावं, कारण पाजणं आणि पाय धरणं एकट्याने जमत नाही.

प्लास्टर म्हणजे पॅरिसचं प्लास्टर. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी घालवतात आणि त्याची पूड पट्टीवर बसवतात. पट्टी ओली केली की पुडीत पाणी परत शिरतं, सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात, एकमेकांत अडकतात आणि पट्टी दगडासारखी होते. मधली चार-पाच मिनिटं ती लोण्यासारखी वळते. त्या मिनिटांत डॉक्टर टाचेभोवती आणि घोट्याभोवती तिला आकार देतात. फायबरची नवी पट्टी हलकी असते, पण तान्ह्या पावलावर ती इतकी बारकाईने बसत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी अजून साधं प्लास्टरच वापरतात. घट्ट होताना ते कोमट लागतं, त्याची काळजी करू नका. बाळाला चटका बसेल इतकं तापू नये म्हणून पट्टी गरम पाण्यात बुडवायची नसते.

घरी प्लास्टर सांभाळताना

प्लास्टर काही मिनिटांत कडक झालं तरी पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात. तोवर ते दुपट्यात गुंडाळू नका, उघडं राहू द्या, आणि पाय मऊ उशीवर टेकवा. टाचेचा भाग कडक पृष्ठभागावर दाबून राहिला तर आत खळगा पडतो आणि तिथे त्वचेला जखम होते. वाळवण्यासाठी हेअर ड्रायर किंवा शेकोटी नको. बाळंतिणीच्या खोलीत धुरी-शेगडी असेल तर पाय तिच्यापासून लांब ठेवा.

बोटं रोज, पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बघा. अंगठ्याच्या टोकाला हलकेच दाबा. जागा पांढरी पडेल आणि सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी होईल. तसं झालं की रक्त नीट वाहतंय. बोटं निळसर, काळपट, गार किंवा सुजलेली असतील, बाळ काही केल्या शांत होत नसेल, प्लास्टरला कुबट वास येत असेल किंवा आतून पाणी झिरपत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. प्लास्टर भिजवा, सोडवा आणि दवाखाना गाठा. प्लास्टर पुन्हा घालता येतं.

पहिल्याच दिवशी प्लास्टरच्या कडेला बोटं किती बाहेर आहेत हे बघून ठेवा. मोबाइलवर फोटो काढला तर आणखी बरं. पुढे बोटं आत गेलेली दिसू लागली, तर प्लास्टर खाली सरकलं आहे. ते त्याच दिवशी काढायचं.

आंघोळ नाही, ओल्या कपड्याने अंग पुसायचं. मांडीकडची कड लंगोटाने भिजते. लंगोट किंवा डायपर प्लास्टरच्या वरच्या कडेच्या बाहेर राहू द्या, आत खोचू नका. तेल लावायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा: छाती, पाठ, हात खुशाल चोळा, पायाला हात नको. तेल आत शिरलं की प्लास्टरखालचा कापूस चिकट होतो, त्वचा मऊ पडते आणि प्लास्टर निसटतं. आणि कुठल्याही परिस्थितीत पाय ओढून 'सरळ' करू देऊ नका. वर्षानुवर्षं बाळं चोळलेल्या मावशींचा हात चांगलाच असतो, पण या पावलाला कुठे टेकू द्यायचा हे त्यांना माहीत नसतं.

जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी काढू नका. रात्रभर मोकळं राहिलेलं पाऊल आठवडाभराच्या कमाईतला काही भाग परत देऊन बसतं. दवाखान्यात, नवं घालायच्या जरा आधी काढायचं. काही ठिकाणी घरून भिजवून आणायला सांगतात. मग निघताना ओल्या फडक्यात गुंडाळा, म्हणजे तिथे सहज सुटेल.

टाचेची शीर

पाऊल बाहेरच्या बाजूला 60 ते 70 अंश फिरू लागलं की तीन दोष गेलेले असतात: तळव्याची खोल कमान, आत वळलेलं पाऊल आणि आत वळलेली टाच. चौथा उरतो: टाच अजून वर ओढलेली. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा, म्हणजे टाचेची शीर, इतर पट्ट्यांसारखा ताणाने फारसा लांबत नाही. त्यामुळे दहापैकी आठ-नऊ बाळांत तो छेद देऊन सोडवावा लागतो.

'कापतात' हा शब्द ऐकून घर हादरतं, तेव्हा नक्की काय होतं ते सांगतो. बहुधा ओपीडीतच, जागा बधिर करून, टाचेच्या साधारण एक-दीड सेंटिमीटर वर बारीक पात्याने छेद देतात. पट्टा सुटल्याचं डॉक्टरांच्या बोटाला जाणवतं आणि पाऊल लगेच 15-20 अंश वर येतं. टाका पडत नाही. लगेच शेवटचं प्लास्टर घालतात, आणि हे तीन आठवडे ठेवायचं असतं. त्या तीन आठवड्यांत सुटलेल्या दोन टोकांच्या मधली जागा नव्या ऊतीने भरते आणि लांब झालेली शीर पुन्हा अखंड होते. तान्ह्या वयात हे इतकं चांगलं होतं की पुढे हाताला लागणारी शीर सरळ, सलग असते. मूल पुढे पळतं, उडी मारतं. प्लास्टरवर टाचेपाशी रुपयाएवढा रक्ताचा डाग दिसला तर चालतं. तो पसरत राहिला तर दाखवायला जा.

बूट आणि पट्टी: खरी कसोटी

तीन आठवड्यांनी प्लास्टर सुटतं आणि पाऊल सरळ दिसतं. घरात पेढे वाटले जातात, आणि पुष्कळ मुलांचे पाय नेमके इथून परत वळतात. वाकडं होण्याची ओढ पावलाच्या अस्थिबंधांमध्ये अजून शिल्लक असते. पाऊल झपाट्याने वाढण्याची पहिली काही वर्षं ती विशेष जोर करते. ती ओढ अडवायला दोन बूट आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी असते. हे उपकरण पाय सरळ करत नाही. प्लास्टरने सरळ केलेलं पाऊल ते धरून ठेवतं. म्हणून पाय आणखी सरळ होईल या आशेने किंवा आता सरळच आहे म्हणून, दोन्ही कारणांनी ते सोडणं चूक आहे.

मापं अशी असतात. वाकडा होता तो पाय 60-70 अंश बाहेर वळवलेला. एकच पाय वाकडा असेल तर दुसरा, चांगला पाय 30-40 अंश बाहेर. पट्टीची लांबी बाळाच्या दोन खांद्यांमधल्या अंतराएवढी. बुटांची पुढची टोकं थोडी वर उचललेली. बाळ वाढलं की पट्टीही लांब करून घ्यायची असते. ते विसरलं तर मूल बूट घालायला कुरकुरू लागतं आणि घरच्यांना वाटतं हट्ट करतंय.

पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास. उरलेला एक तास आंघोळीचा. त्यानंतर रात्रीची झोप आणि दुपारची झोप, मिळून 12 ते 14 तास, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत.

घालायची पद्धत नीट शिकून घ्या, दवाखान्यात स्वतः दोनदा घालून दाखवा आणि मगच घरी या. आधी पातळ सुती मोजा, सुरकुती न ठेवता. गुडघा वाकवून पाऊल बुटात सरकवा, टाच पूर्ण मागे आणि खाली टेकवा. आधी मधला, घोट्यावरचा पट्टा घट्ट करा, कारण टाच खाली धरून ठेवणारा तोच आहे. मग बाकीचे पट्टे किंवा नाडी. बुटाला टाचेपाशी खिडकी असेल तर त्यातून बघा, टाच खाली टेकलेली दिसली पाहिजे. शेवटी पाऊल हलकेच पुढे-मागे ओढून बघा. बुटात सरकत असेल तर मधला पट्टा एक भोक पुढे घ्या. जे भोक बरोबर बसलं, त्यावर पेनाने खूण करा, म्हणजे आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंनाही तितकंच घट्ट घालता येईल.

पहिले दोन-तीन दिवस बाळ रडेल. कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेल्या त्वचेला स्पर्श झोंबतो, आणि एका पायाने लाथ मारली की दुसराही जातो याचं त्याला नवल वाटतं. पट्टी धरून दोन्ही पाय एकदम पोटाशी न्या आणि लांब करा, हसत, गाणं म्हणत. दोन्ही पाय एकत्र हलवायचे हे त्याला कळलं की रडणं थांबतं. या दिवसांत 'आज राहू दे, उद्या घालू' असं एकदा झालं की बाळाला रडण्याचा उपयोग कळतो. रडणं थांबल्यावर काढा, रडताना नको.

बूट काढल्यावर लालसर वण दिसला आणि वीस मिनिटांत गेला, तर ठीक. गडद लाल जागा, फोड किंवा खरचटलेलं दिसलं तर बहुतेक वेळा बूट सैल असतो आणि पाऊल आत घासतं. आपल्याला वाटतं घट्ट झालाय म्हणून सैल करावा, आणि फोड आणखी वाढतो. लाल जागेवर तेल, क्रीम, तूप काही लावू नका. त्वचा मऊ पडून जास्त सोलते. फोड फुटला असेल तर त्याच दिवशी फोन करून विचारा. बूट आठ दिवस बंद ठेवून 'बरा होऊ दे' म्हणणं महागात पडतं.

मालिशीबद्दल पुन्हा एकदा. मोकळ्या तासात आंघोळीआधी पायाला हलकं तेल लावायला हरकत नाही, पण नंतर साबणाने पूर्ण धुऊन कोरडं करा. तेलकट पाऊल बुटातून निसटतं. झोळीत झोपणाऱ्या बाळाची पट्टी कापडात अडकते आणि गुडघे दाबले जातात, त्यामुळे या काळात सपाट गादी किंवा लाकडी पाळणा बरा. पट्टीला जुन्या चादरीचं मऊ कापड गुंडाळा. शेजारी झोपणाऱ्या आईच्या पोटऱ्याही वाचतील आणि पलंगाची कडही.

दीड-दोन वर्षांचं मूल रात्री उठून बूट काढायला शिकतं. तेव्हा बकल आतल्या बाजूला येईल असा बूट घाला. झोपेच्या ठरलेल्या क्रमात, दूध, गोष्ट, बूट, दिवा, असं त्याला बसवून टाका. दात घासावेत तितकं ते सहज झालं पाहिजे. दिवसा चालताना खास बूट लागत नाहीत. अनवाणी चालू द्या, साधी चप्पल घाला. 'बूट घातल्याने मूल उशिरा चालेल' ही भीतीही फारशी खरी नाही.

परत वळतंय का, हे घरी कसं ओळखायचं

महिन्यातून एकदा मुलाला उकिडवं बसवून मागून बघा. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. एक टाच उचलली जात असेल, किंवा मूल तसं बसायचं टाळत असेल, तर शीर पुन्हा आखूड होते आहे. चालताना पावलाची बाहेरची कड आधी टेकते का, चपलेचा बाहेरचा काठ जास्त झिजतो का, पळताना पाऊल आत फिरतं का, हे बघा. आणि मूल अचानक बूट घालू देईना झालं, तर आधी पाऊल तपासून घ्या. वळलेलं पाऊल बुटात बसत नाही, म्हणूनही ते नकार देतं.

वळलं तर पुन्हा प्लास्टर. बहुधा दोन-तीन प्लास्टरांत पाऊल परत जागेवर येतं, कधी शीर पुन्हा सोडवावी लागते, आणि मग पुन्हा बूट. मूल अडीच-तीन वर्षांच्या पुढे असेल आणि चालताना पाऊल सतत आत-वर उचललं जात असेल, तर पुढच्या बाजूचा एक स्नायू पावलाच्या मध्याकडे हलवण्याचं ऑपरेशन करतात. त्याने पाऊल सरळ उचललं जातं. पूर्वी करत तसं, पावलाच्या आतले सगळे सांधे उघडून पट्टे कापण्याचं मोठं ऑपरेशन कोणी सुचवलं, तर पोन्सेटी पद्धतीत काम करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

पाठीच्या कण्यात दोष असलेल्या किंवा जन्मतःच अनेक सांधे ताठ असलेल्या बाळांचे पाय जास्त हट्टी असतात. त्यांनाही हीच पद्धत आधी करून बघतात, मात्र प्लास्टरं जास्त लागतात आणि पाय परत वळण्याचं प्रमाणही जास्त असतं. पायाला संवेदना नसेल तर बोटं आणि त्वचा तपासण्यात दुप्पट काळजी घ्या, कारण दुखलं तरी बाळ रडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. सरळ झालेला पाय दुसऱ्या पायापेक्षा थोडा लहान आणि त्याची पोटरी थोडी बारीक राहते, कायमची. ते उपचार फसल्याचं लक्षण नाही. चप्पल घेताना कधी अर्ध्या नंबराचा फरक पडेल, एवढंच.

बूट सुरू झाल्यावर पहिली भेट एक-दोन आठवड्यांनी असते, मग तीन महिन्यांनी. त्यानंतर तीन वर्षांपर्यंत दर चार महिन्यांनी, चौथ्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि पुढे मुलाची वाढ पुरी होईपर्यंत वर्षा-दोन वर्षांनी एकदा. प्रत्येक भेटीला वापरते बूट-पट्टी आणि पिरानी गुणांचं कार्ड बरोबर न्या. बूट लहान झालेत का हे कागदावरच्या मापापेक्षा पायात घालून जास्त नीट कळतं. बोटं बुटाच्या पुढच्या कडेवरून वळून खाली आलेली दिसली, की पुढचा नंबर त्याच दिवशी मागून घ्या.